चिखलातलं प्लास्टर

एम.एस.च्या थीसिससाठी मी निवडलेला विषय ऐकून होस्टेलमधल्या मित्रांनी कपाळाला हात लावला होता. नडगीचं हाड मोडलं की माणसाला महिनोन्‌महिने खाटेवर पाडून ठेवायचं, ही तेव्हाची रीत. मला उलटं करून पाहायचं होतं. सुरुवातीचे काही आठवडे गेले की गुडघ्याखालचं घट्ट प्लास्टर घालायचं, माणसाला उभं करायचं, चालायला लावायचं, आणि चालल्यानेच हाड नीट जुळतं का ते बघायचं. परदेशात हे सुरू झालं होतं. आमच्या वॉर्डात मात्र मोडलेल्या पायावर पेशंटला उभं करणाऱ्या डॉक्टरकडे नातेवाईक संशयाने बघायचे.

माझे गाईड पुण्याकडचे, शब्दाचे पक्के आणि तोंडाचे तिखट. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. प्रत्येक पेशंट हाड जुळेपर्यंत तपासायला परत आला पाहिजे.

"नाही आला तर त्याचा पाय जुळला की कुजला, हे काय स्वप्नात कळणार?" सर म्हणाले.

मी मान डोलावली. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मोडलेले पाय शेवटी नागपूरलाच यायचे, त्यामुळे पेशंटची वानवा नव्हती. शिवाय मी चंद्रपूरकडच्या मूल गावचा. त्यांच्या बोलीत बोलायचो, त्यामुळे इतरांपेक्षा माझ्यावर त्यांचा जरा जास्त भरवसा होता. मूलला आमच्या मोहल्ल्यात मी पहिलाच डॉक्टर. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं होतं, आणि एका म्हाताऱ्या भाऊंनी विचारलं होतं, "आता आनखी काय शिकून राह्यला बापा? डाक्टर त झाला ना." हाडांचा मोठा डॉक्टर होतोय, असं मी छाती फुगवून सांगितलं होतं. त्यामुळे नापास होण्याची सोयच उरलेली नव्हती.

या पेशंटांत चामोर्शीजवळच्या एका खेड्यातली बाई होती. चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ. मोहफुलं वेचायच्या दिवसांत बैलबंडी उलटून तिची नडगी मोडली होती. भाताच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, जाणाऱ्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. कुठल्या शेतावर जायचं, कोण कुठे उभी राहणार, सगळं तिच्या शब्दावर चालायचं. वॉर्डात आल्यापासून तिचा एकच प्रश्न होता.

"रोवनीले उभी राहीन का नाई, तेवढं सांगा."

हाडाचं वेळापत्रक हाड ठरवतं, डॉक्टर नाही. हे माहीत असूनही तिच्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, "चालत राहा बाई. पाय जमिनीवर टेकवत राहा. प्लास्टर तेवढं वल्लं होऊ देऊ नका." जेठात ती एकदा येऊन गेली. मी मांडीपर्यंतचं प्लास्टर काढून गुडघ्याखालचं घातलं. ती वऱ्हांड्यात काठी घेऊन चालली, मग काठी भिंतीला टेकवून चालली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

मग पाऊस लागला आणि माझी ओ.पी.डी. ओस पडली. तारखा दिलेल्या होत्या, पण कोणी फिरकेना. मी बाकावर बसून दाराकडे बघत राहायचो आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालायचो. पेशंट नाहीत तर थीसिस नाही, थीसिस नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. शेवटी सरांनी बोलावून घेतलं.

"विषय बदल," ते म्हणाले. "ही माणसं येणार नाहीत."

"ही माणसं" हे शब्द मला झोंबले. मी फणकाऱ्यात म्हणालो, "सर, आषाढात आमच्याकडे लग्नाला माणूस जात नाही, तपासायला कुठून येईल? सगळे बांधीत, भातखाचरात आहेत. भाताची रोवणी चालू आहे." बोलता बोलताच मला त्या ओस बाकाचं कोडं उलगडलं. मी पुढे म्हणालो, "ते येत नसतील तर मी जातो."

सर म्हणाले, "जा. पण दिवाळीनंतर सगळ्यांचे एक्स-रे मला इथे, माझ्या डोळ्यांनी बघायचेत. तेव्हा नाही दिसले तर विषय बंद."

पिशवीत प्लास्टर कापायची कात्री आणि दोन-चार बंडल घेऊन मी एसटीत बसलो. गडचिरोलीला गाडी बदलली आणि चामोर्शीला बाजाराच्याच दिवशी उतरलो. बाजारात अख्खा तालुका भेटतो. माझा एक पेशंट तर मिरच्यांच्या ढिगाऱ्यामागे प्लास्टरचा पाय पसरून दुकान मांडून बसलेला सापडला. त्याला तिथेच तपासलं. मग त्या बाईची चौकशी केली.

"ते? ते त रोवनीत हाये ना," तिच्या गावची एक म्हातारी म्हणाली.

"रोवनीत? पायाले प्लास्टर हाये तिच्या!"

"हाये ना. प्लास्टर घालूनच रोवून राह्यली."

माझं डोकं फिरलं. प्लास्टर ओलं झालं की त्याचा भुगा होतो, आत कातडी सडते, जुळत आलेलं हाड पुन्हा सरकतं. तिचा पाय गेला, माझा थीसिस गेला, आणि मोडक्या पायावर माणसं चालवणारा वेडा डॉक्टर म्हणून माझं नाव राहिलं. एका सायकलवाल्याच्या मागे बसून मी तिच्या गावापर्यंत गेलो. वाटभर काय काय बोलायचं ते जुळवत होतो.

बांधीत बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत आपापली पात, म्हणजे वाट्याचा पट्टा, रोवत होत्या. ती मधोमध होती. तिच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत युरियाची पांढरी पिशवी, एकावर एक अशा दोन, आणि वर सायकलच्या ट्यूबने करकचून आवळलेलं.

"बाई, भाईर या," मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून ओरडलो. "आत्ताच्या आत्ता."

तिने वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा वाकली. "पात आहे ना हातातली. थे संपल्याशिवाय कशी येऊ, डाक्टर?"

"पाय सडन तुमचा!"

"तुमीच सांगतलं ना, चाल. चालून राह्यली. तुमीच सांगतलं, वल्लं नको होऊ देऊ. नाई होऊ देलं." बाया हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "अर्धी पात सोडत नाई ते कोनासाठी. घाई असन त तुमी धरा तिची पात."

बायांना वाटलं असणार, नागपूरचा डॉक्टर बूट सांभाळत धुऱ्यावर उभा राहील. मला राग तर होताच, त्यात हे. बूट काढले, पॅन्ट मांडीपर्यंत वर केली आणि उतरलो बांधीत. लहानपणी आईच्या बरोबरीने मी रोवणी केली होती, हात विसरले नव्हते. पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची, पेंढी डाव्या हातात धरून मी उजव्या हाताने रोवायला लागलो. बाई दोन बायांचा हात धरून धुऱ्यावर जाऊन बसली आणि तिथून माझ्यावर नजर ठेवून होती.

"वाकडी चालली तुयी पात," ती म्हणाली. चिखलात उतरल्याबरोबर तिने मला "तुमी"वरून "तू"वर आणलं होतं. त्याने माझा अर्धा राग उतरला.

पात संपवून मी कंबर धरत धुऱ्यावर आलो. ट्यूब सोडली, पिशव्या काढल्या. प्लास्टर कडेला मऊ झालं होतं, बाकी कोरडं. तरी मी कात्री लावली. आतला पाय काय दाखवतो याची मला भीती वाटत होती. कातडी घामाने पांढरी पडून सुरकुतली होती, सालपटं निघत होती, पण जखम कुठेच नव्हती. मोडलेल्या जागेवर हाताला गाठ लागली, टणक. मी दाबलं. तिच्या चेहऱ्याकडे बघत जोराने दाबलं. मग दोन्ही हातांनी नडगी धरून वाकवून पाहिली. हाड हललं नाही.

"दुखते का?"

"तू दाबून राह्यला त दुखनच ना. हाड नाई दुखत."

तिला त्या एका पायावर उभं केलं. ती उभी राहिली, धुऱ्यावर, कुणाचाही हात न धरता. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी उगाच खाली वाकून कात्री धुवायला लागलो. नवं प्लास्टर घालायची गरज नव्हती. तरी थोडे दिवस सुक्यात राहा, असं मी सांगत होतो, तोवर ती बांधीत उतरलीसुद्धा.

दिवाळी झाली. कापणीला अजून अवकाश होता, तेवढ्यात एका सकाळी ओ.पी.डी.चं बाक भरलं. मिरचीवाला आला, बाकीचे आले, काही एकमेकांना निरोप देऊन आले. ही बाई सगळ्यांना हाकत सगळ्यात पुढे. सर एकेक एक्स-रे उजेडासमोर धरून बघत होते. तिचा एक्स-रे त्यांनी जरा जास्तच वेळ धरला.

"जुळलंय," सर म्हणाले. "चांगलं भरलंय. पण थोडं वाकडं जुळलं."

वाकडं म्हणजे अगदी किंचित, चालण्यात कळू नये इतकं. मी तसं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाईच बोलली.

"राहू द्या सायेब वाकडं. यानं माह्या बांधीत पात रोवली, थे बी वाकडीच होती. सगळ्याइच्या संग निसवली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "निसवली म्हणजे?"

"लोंब्या आल्या, सर," मी म्हणालो. "भाताला."

सरांनी एक्स-रे खाली ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला सांगितलं. विषय बदलण्याची गोष्ट त्यानंतर त्यांनी कधी काढली नाही.