मधलं नाव

पश्चिम टेक्सासमधल्या एका ओसाड तुकड्याच्या पोटात माझा वाटा आहे. वरची जमीन कुणा गुरं पाळणाऱ्याची, खालचं तेल आणि गॅस काही अंशी आमचं. निवृत्तीच्या तोंडावर यांना हे खूळ सुचलं. लोक पुण्याजवळ प्लॉट घेतात, यांनी जमिनीखालचा हक्क घेतला, म्हणून मी भरपूर थट्टा केली होती. हे गेले आणि तो वाटा माझ्या नावावर झाला.

गेल्या वर्षी तिथली तेलविहीर चालवणाऱ्या कंपनीतून एका माणसाचा फोन आला. तिथला गॅस न्यायला पाइपलाइन नाही, म्हणून तो इतकी वर्षं जाळून टाकत. आता त्यावर तिथेच जनरेटर चालवून वीज करायची होती. त्यासाठी जुन्या करारातलं एक कलम बदलायचं, आणि त्यावर माझी सही हवी. माझं नाव काही त्याच्या जिभेला वळेना. कागद बघून तो म्हणाला, "मधल्या नावाने हाक मारली तर चालेल? आमच्याकडे पुष्कळ लोक मधलंच नाव वापरतात."

मधलं नाव म्हणजे यांचं. मी म्हटलं, चालेल.

आणि त्याने हाक मारली. उच्चार जरा वाकडा, पण नाव तेच. ते नाव आता कुणीच घेत नाही. मुलीचे ते बाबा, इथल्या, प्लेनोतल्या मराठी मंडळींचे काका, आणि मी जन्मभर 'अहो'वर निभावलं. त्यांना नावाने हाक मारणारी वडीलधारी माणसं एकेक करून गेली.

मग मी लगेच सही करीन कशाला? शंका काढायला लागले. शंका खऱ्या होत्या, हेही सांगते. करारात लिहिलं होतं की विहिरीच्या कामाला लागणारा गॅस फुकट, त्यावर मालकाला रॉयल्टी नाही. ठीक आहे. पण ही वीज नुसता पंप चालवणार नव्हती. शेजारी कंटेनरमध्ये कॉम्प्युटर मांडून कंपनी त्यांची आकडेमोड विकून कमाई करणार होती. मी म्हटलं, घरच्या म्हशीचं दूध घरात प्यायलात तर मी हिशेब मागत नाही, पण त्याचं श्रीखंड करून दुकान थाटलंत तर माझा वाटा काढा. श्रीखंड म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा फोन गेला. मला घाई नव्हती.

"आई, जस्ट साइन इट," तिकडे मिशिगनमधल्या नोव्हायहून मुलगी म्हणाली. "अमाउंट केवढीशी, आणि तू आर्ग्यू किती करतेस!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हटलं. तत्त्व होतंच, पण निम्मंच.

गॅस मोजणार कुठे? भाव कोणता धरणार? जनरेटर बंद पडला तर काय? तो बिचारा दर वेळी ऑफिसात विचारून परत फोन करी, आणि उत्तराआधी ते नाव घेई. फोन येईल त्या दिवशी मी बाजारहाटालाही बाहेर पडत नसे.

शेवटी कंपनीने सगळं कबूल केलं. जनरेटरपाशी मीटर बसणार, कॉम्प्युटरसाठी जळेल त्या गॅसवर विकल्यासारखीच रॉयल्टी मिळणार. मी जिंकले होते. मग तो अडखळला. "कागद तपासताना आमच्या ऑफिसात लक्षात आलं, ते तुमच्या मिस्टरांचं नाव आहे. मी इतके दिवस तुम्हाला त्याच नावाने... माफ करा. तुम्ही बोलला का नाहीत?"

"राहिलं सांगायचं," मी म्हटलं.

माझ्या नावाचा त्याने सराव केला होता. सावकाश, अगदी बरोबर उच्चारलं आणि नीट जमलं का, असं विचारलं. मी म्हटलं, छान जमलं. आणखी काही शंका, त्याने विचारलं. नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सही करून कागद पाठवून दिले. त्याचा फोन यायचं आता कारण उरलं नाही. यापुढे घरात ते नाव घ्यायचं तर मीच घ्यायला हवं. रोज ठरवते, आणि जीभ रेटत नाही.