उशिरा वाजणारे हेडफोन
मेटल डिटेक्टरसाठी मी गाणी ऐकायचे बिनतारी हेडफोन घेतले, कारण वायरवाले घालून आरशात मी अगदीच बावळट दिसत होतो. सुक्या बोंबलाचा वास आला की रेवदंड्याची ती सकाळ अजून आठवते. मासळी वाळत घालणाऱ्या एका मावशींच्या मंगळसूत्राची वाटी वाळूत पडली होती आणि भरती चढत होती. मी ऐटीत यंत्र फिरवू लागलो. असल्या हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो, हे मला फार नंतर कळलं. टिंग ऐकू येईपर्यंत माझा हात पुढे सरकलेला असायचा आणि मी तिथेच खणायचो. सात खड्डे झाले, सातही रिकामे. शेवटी त्यांत पाणी शिरलं, तेव्हा मी हेडफोन काढले. मावशी ओरडतच होत्या, "तिथं न्हाय रं, मागं! मी मागं बसलेली, तिथंच पडली!" तोवर मागेही पाणीच होतं. वाटी गेली ती गेलीच. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. आज लिहितानाही फक्त गार पडलेले पाय आठवतात. मावशींनी एकेक खड्डा निरखला आणि म्हणाल्या, "कान झाकून कोन शोधतं रं? तुज्यापरीस माजी कोंबडी बरी उकरते."