साध्या गजाचा बोल्ट

ती घटना विसरायचा मी खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्ताची ती वर्षं. परभणी तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. कुटुंब लांब, क्वार्टर रिकामं. मनातलं बोलायला माणूस एकच, शस्त्रागार सांभाळणारे आमचे हवालदार. मुलखाचे खडूस, पण रायफलींवर लेकरांसारखी माया. रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड दाबून धरणारा पोलादी दांडा, ते दर महिन्याला भिंगाखाली धरत. तडा बघत, बोल्टवरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळवत, मगच सही करत. मी त्यांना 'सोनार' म्हणून चिडवायचो.

एके सकाळी झरीच्या रस्त्यावरचा एक लेथवाला मिस्त्री ठाण्यात आला. बस म्हटलं तरी उभाच.

"साहेब, तुमच्या एका माणसाला म्या बोल्ट करून दिलता. साध्या गजाचा, वर त्यानं सांगितलेला नंबर ठोकून. नुसता मोजणीत ठिवायचाय म्हणला. आता बंदोबस्त लय वाढायलाय. कुणी त्यातून गोळी उडवली तर बोल्ट मागं यीऊन थोबाडात बसंल."

"माणूस कोण?"

"ते न्हाई सांगणार. त्याची नोकरी जाईल."

दमदाटी केली, मिस्त्री बधला नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिपायांचा गोळीबाराचा सराव होता.

हवालदारांना सगळे बोल्ट टेबलावर मांडायला सांगितले. नंबर सगळे जुळले. अस्सल बोल्टच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, त्यावर कानस घसरते. साध्या लोखंडात ती रुतते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तेच आता एकेका बोल्टवर कानस फिरवून "ठीक हाय साहेब" म्हणत गेले. माझा संशय एका दारुड्या शिपायावर होता. दुपारपर्यंत उलटसुलट विचारून त्याला रडवला. उगाचच.

मग रायफली देण्याघेण्याची नोंदवही चाळली. दीड वर्षात प्रत्येक रायफल बंदोबस्तावर गेली होती. एकच कधी बाहेर पडली नव्हती. रायफली कमी पडून शिपाई नुसत्या लाठ्या घेऊन गेले, तरी तिच्यापुढे दर वेळी 'दुरुस्ती'. अक्षर हवालदारांचं. तिचा बोल्ट काढून मी स्वतः कानस लावली. ती रुतली.

"बसू का साहेब?" हवालदार म्हणाले आणि स्टुलावर बसले. "बंदोबस्तावरून परत आलो तवा रायफलीतून काढलेल्या बोल्टाचं पोतं न मोजताच सही केली. दुसऱ्या दिशी मोजले तर एक कमी. लय हुडकला. पेन्शन जवळ आली व्हती, भ्यालो. पण ती रायफल कुणाच्या हाती जाऊ दिली न्हाई म्या."

मला ती दुपार लख्ख आठवली. मुख्यालयातून अहवालाची घाई चालली होती. हवालदार पोतं सोडून मोजायला बसले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर उभा राहून ओरडलो होतो मीच, "मोजत काय बसलात? आधी सही करा!"

रिपोर्ट मी केला. त्यात हे एवढं वाक्य लिहिलं नाही.

चौकशीला जिल्ह्याहून वरिष्ठ आले. माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "न मोजता सही करायला कोणी सांगितलं?"

हवालदारांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "कुणीच न्हाई साहेब. चूक माझीच."

मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसून होतो.

ते बडतर्फ झाले, पेन्शन गेली. मला पुढे बढती मिळाली. त्यानंतर कुठल्याच ठाण्यात मी कुणाशी जवळीक केली नाही, लाजच वाटायची. दुसऱ्यांकडून खरं वदवून घेण्यात माझी हयात गेली, पण स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा मी भित्रा निघालो. त्या तपासानं मला माझी ही ओळख करून दिली.

बऱ्याच वर्षांनी माफी मागायला म्हणून वालूरला त्यांच्या घरी गेलो. ते थकले होते. "साहेब, बढती झाली म्हणं. लय बरं वाटलं," म्हणाले. मी चहा प्यालो आणि परत आलो.

ते वाक्य आज लिहिलं. वाचायला हवालदार राहिले नाहीत.