तापल्यावर बंद पडणारी गाडी

आईला डायलिसिससाठी मंचरला नेताना शिनोलीजवळ गाडी पुन्हा बंद पडली. याआधी दोघा गॅरेजवाल्यांनी अंदाजानेच पार्ट बदलले होते. इथल्या रस्त्याकडेच्या गॅरेजचा मेकॅनिक मात्र मला स्टार्टर मारायला लावून, उघड्या बॉनेटवर ओणवा होऊन, डोळे मिटून नुसता ऐकत राहिला. मग त्याने इंजिनाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर तांब्याभर गार पाणी ओतलं. गाडी लगेच सुरू झाली.

"तापला की मुका व्हतोय ह्यो," म्हणत त्याने नवा सेन्सर बसवला. आम्ही निघालो, तर तो शेजारी येऊन बसला.

"गाडी तापल्याबिगर खरं कळायचं न्हाई, पावणं. आईंना वाटंत ठेवायचं न्हाई."

मंचरला आई दवाखान्यात गेल्यावर त्याने तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. एका झटक्यात सुरू झालं. तेव्हा कुठे तो उतरला आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.