जड कार्ड कुणाचं

ओंकारनं ग्रुपवर टाकलं, सुजितभाऊला जाऊन वर्ष होत आलं, ज्याला जे आठवतं ते लिहा. तर सगळ्यांनी लिहिलं. दिघीच्या पोरांनी लिहिलं, आकुर्डीच्या कॉलेजच्या पोरांनी लिहिलं, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी तर फोटोसकट लिहिलं. मी वाचत बसलो आन मला राग आला. राग पण न्हाई, जळलो मी. माझा सख्खा भाऊ, आन मला माहीत नसलेलं एवढं सगळं ह्यांना माहीत. म्हणून मी पण लिहितो. मी दत्तोबा, सुजितचा थोरला भाऊ. शाळा सातवीपर्यंत, चुकलं तर चुकलं.

आमी मूळचे लातूरकडचे. मी आधी आलो, चाकणला कंपनीत प्रेसवर लागलो. पत्रा ठेवायचा, दाबायचा, पार्ट काढायचा. मग सुजितला आणला आन माझ्याच ओळखीनं हेल्पर म्हणून लावला. टिकला न्हाई. "दादा, झोपेत पण कानात ठोकतंय," म्हणला, आन तळवड्याला एका कॉम्प्युटरवाल्याकडं जायला लागला. पुढं स्वतःचा गाळा घेतला, एका फॅब्रिकेशनवाल्याच्या मागं, वर पत्रा. तयार कॉम्प्युटर तो विकायचाच न्हाई. तुला काय करायचंय ते विचारायचा आन एकेक पार्ट निवडून जुळवून द्यायचा. लगीन केलं न्हाई. आई म्हणायची, ह्याचं लगीन त्या डब्याशीच लागलंय.

नाव झालं ते ग्राफिक कार्डासाठी. ग्राफिक कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसतं ते, विटेएवढं, पंखे असलेलं. पडद्यावर जे पळतं ते त्याच्या जोरावर. कुठलं घ्यावं यात पोरं येडी होतात. नेटवर एक म्हणतो हे घ्या, दुसरा म्हणतो ते घ्या. सुजित कुणाचंच ऐकायचा न्हाई. "तुझं काम घेऊन ये," म्हणायचा. गेमवाल्यानं त्याचा गेम आणायचा, व्हिडिओवाल्यानं त्याचंच एखादं लग्न. मग दोन कार्डं आळीपाळीनं लावून बघायचा, कॅबिनेटचं झाकण बंद करून, ते पण भर दुपारी, वरचा पत्रा तापल्यावर.

"एसीत सगळीच कार्डं शहाणी असतात," म्हणायचा. पोरं हसायची.

मी सुट्टीला गाळ्यावर जायचो तर बसायला जागा नसायची. त्याच्या शेजारचा स्टूल ओंकारचा. ओंकार दिघीचा, गेम खेळणारा, दिवसभर तिथंच. मी गेलो की उठायचा, "बसा दादा," म्हणायचा, पण सुजितचं बोलणं त्याच्याशीच चालू. आन माझी पोरगी करिष्मा, ती पण तिथंच. ती व्हिडिओ एडिटिंग शिकली, लग्नाच्या ऑर्डरी घेते. घरी मी काय विचारलं तर "हं". तिथं काकाशी तोंडाचा पट्टा. मी मधी बोललो की, "पप्पा, तुमाला न्हाई कळायचं."

एकदा मात्र पहिली शिफ्ट करून गेलो तर तो एकटा होता. मी म्हणलो, "काय रे, गेमला एक कार्ड आन व्हिडिओला दुसरं, असं का? कार्ड ते कार्ड."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "दादा, तुझा प्रेस घे. बारका पार्ट असला की मिनिटाला स्ट्रोक किती, ते बघतोस का न्हाई?"

"व्हय."

"ते झालं गेमचं. चित्रामागून चित्र फटाफट पाडायचं. आता मोठा पत्रा आला. स्ट्रोक कितीबी पळू दे, खाली पत्रा ठेवायचा तो बेडच बारका असला तर?"

"बसणारच न्हाई पत्रा."

"मग. व्हिडिओ म्हणजे मोठा पत्रा. तिथं आधी बेड बघायचा. कार्डाची मेमरी म्हणजे बेड."

त्या दिवशी मी कुणाला सांगितलं न्हाई पण छाती फुगली माझी. म्हणलं, हे उदाहरण त्यानं माझ्यासाठी शोधून काढलं.

मग त्याला डेंग्यू झाला. ॲडमिट केला, घरी आलाच न्हाई.

चौकात फ्लेक्स लागला. हेडफोन घातलेला सुजितचा फोटो, मागं निळ्या-जांभळ्या लाइटचा कॉम्प्युटर, खाली मित्र परिवाराचे फोटो ओळीनं. ओंकारचा फोटो मधोमध. माझा न्हाई. लोक थांबून मला सांगायचे, "तुमच्या भावाचा फ्लेक्स लई भारी." मी मान हलवायचो.

करिष्माचा कॉम्प्युटर त्यानं अर्धा करून ठेवला होता. सगळं बसवलं होतं, फक्त कार्ड राहिलं. दोन कार्डं आणून ठेवलेली, चंदेरी पिशव्यांत, खोकी न्हाईत. लावून बघतो मग ठरवू म्हणला होता. ते सगळं आमच्या घरी आलं. करिष्माकडं दिघीच्या एका लग्नाचं काम होतं, पूजेच्या दिवशी पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर लावायचं होतं. पोरीची पहिली मोठी ऑर्डर. गेली तर पुढचं कोण देतंय.

"पप्पा, ओंकारदादाला विचारू का? काकांनी त्याला सांगितलं असंल."

"त्याला कशाला? मला सांगितलंय तुझ्या काकानं सगळं."

खोटं न्हाई बोललो. बेडचं मला सांगितलंच होतं.

दोन्ही कार्डं हातात घेतली. एकाला दोन पंखे, हलकं, पोकळ वाटणारं. दुसऱ्याला तीन पंखे, जड, प्रेसची लोखंडी डाय उचलावी तसं. आता प्रेसचं काय असतं, जेवढा बेड मोठा तेवढी मशीन जड. हलक्या मशीनला मोठा बेड मी आजवर बघितला न्हाई.

"हे लाव," मी म्हणलो.

"नक्की?"

"अगं, उचलून तरी बघ."

बसवलं. आधी एक गेम लावून बघितला, असा पळाला की बघत राहावं. मी म्हणलो, बघ. म्हणलं, आता ह्या घरात पण मला काही कळतं.

मग तिनं लग्न लावलं. तीन कॅमेरे, वर ड्रोन. वरमालेपर्यंत गेलं आन मेमरी संपली असं येऊन बंद पडलं. परत लावलं, परत वरमालेलाच बंद. नवरी हार घेऊन उभी ती उभीच.

करिष्मानं मला न विचारता मोबाइल उचलला. तेच लागलं. गॅलरीत जाऊन तिनं ओंकारला फोन केला.

तो आला, कॅबिनेट उघडलं, जड कार्ड बघितलं आन ओठ दाबून दुसरी पिशवी हातात घेतली.

"काय झालं?" मी म्हणलो.

"दादा, हे आठ जीबीचं. ते हलकं बारा जीबीचं. मेमरी म्हणजे..."

"बेड," करिष्मा म्हणली.

मी तिच्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"काकांनी. सगळ्यांनाच सांगायचे."

"गाळ्यात जो येईल त्याला," ओंकार म्हणला. "आमच्या दादाचा प्रेस घ्या, इथनंच सुरू व्हायचं."

माझ्यासाठी काढलेलं उदाहरण सगळ्या दिघी-आकुर्डीला वाटून झालं होतं.

"मग हे जड कशानं?" मी म्हणलो.

"वजन ॲल्युमिनियमचं आन पंख्याचं. जोरात पळतं ना, तापतं. गेमला हेच भारी." मग हळू म्हणला, "हे भाऊनं माझ्यासाठी आणलेलं, करिष्माच्या कामावर फक्त ताडून बघणार होता."

हलकं बसवता बसवता त्याला हसू फुटलं. "दादा, रागवू नका. भाऊ मला म्हणलेला, दोन्ही कार्डं दादाच्या हातात देऊ नको. तो उचलून बघंल आन जडवालं घेईल."

करिष्मा हसली. मी पण हसलो आन मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तर वरमाला होऊन गेली होती, जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. ऑर्डर वेळेवर गेली.

जाताना ओंकार जड कार्डाकडं बघत होता. मी दे म्हणलो न्हाई आन त्यानं मागितलं न्हाई. अजून माझ्या कपाटावर हाय.

ओंकार, तू हे वाचशीलच. कार्ड तुझं हाय, मला ठेवून काय करायचं. पण फ्लेक्सवर तू, स्टूलवर तू, आन माझ्या भावाच्या तोंडचं माझ्याविषयीचं पण तुझ्याकडंच. मला तो समोर बसवून असं कधी बोलला न्हाई. तर कार्ड न्यायला ये. चहा टाकतो. निवांत बस, आन दादाविषयी तो अजून काय काय म्हणला होता ते सगळं मला सांग. चेष्टा केली असंल ती पण सांग. मग घेऊन जा.