टोचते, असंच लिही

आमच्या घरात घोंगडी विकायची एक रीत होती. गिऱ्हाइकानं चपला काढायच्या, धोतर असो की पायजमा, गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा आणि घोंगडीवर उघड्या पायांनी मांडी घालून बसायचं, निदान चहा संपेपर्यंत. त्याआधी भावाचा शब्द काढायचा नाही. टोचते म्हणून जो चुळबुळ करत उठला, त्याला आई घोंगडी देत नसे. "तुमास्नी न्हाई मानवायची," एवढंच म्हणायची आणि घडी घालून ठेवायची.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात बाईनं सूत कातावं आणि पुरुषानं विणावं, अशी चाल. वडील गेल्यावर आई स्वतःच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसली. लोक लय बोलले. बोलून दमले आणि मग तिच्याकडूनच घोंगड्या नेऊ लागले.

पण गावाला अशा किती लागणार? तिचा बहुतेक माल सांगलीच्या पेठेतला एक व्यापारी उचलायचा. त्याला स्वतःला पांघरायची नसल्यामुळे बसण्यातून सूट होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, तेव्हा सहज त्याच्या दुकानात डोकावले. आईच्या प्रत्येक घोंगडीच्या कोपऱ्यावर त्यानं आपल्या नावाची चिठ्ठी शिवली होती. खाली लिहिलं होतं, 'हिमालयातली मऊ लोकर'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणच्या कुसळात तोंड घालून वाढलेली आमची मेंढरं, त्यांनी हिमालय कधी बघितला? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसलाच प्रकार. पण त्याच्याशिवाय माग चालणार नाही हेही मला माहीत होतं. मी चिठ्ठी न बघितल्यासारखं करून दुकानातून बाहेर पडले. त्याची मला अजून लाज वाटते.

क्लासमध्ये तेव्हा इंटरनेट नवीनच आलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून चालायचं, एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. वेबसाइटची पानं बनवायला मी पुस्तकात बघून शिकले होते. व्यापाऱ्याला ते कळलं आणि आपल्या दुकानाचं पान करून घ्यायला तो मजकूर घेऊनच आला. हिमालय होताच, शिवाय मऊ, सुगंधी, राजेशाही. सोबत एका गोऱ्या मुलीचा फोटो, खांद्यावर घोंगडी ओढणीसारखी टाकलेली.

"आणि विणली कुणी, ते?" मी विचारलं.

"ते कशाला पायजे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी पान करीन, पण आईच्या नावानं करीन."

तो हसला. "कर की. मग इकायचंबी तिलाच सांग." त्या महिन्यापासून त्यानं माल घेणं बंद केलं.

गावी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. माझ्या तोंडामुळे तिचा माग बंद पडणार होता, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवली होती. तिनं मात्र वेगळंच विचारलं. "पर ती लांबची मानसं बसनार कशी?"

जगभर इंटरनेटचा डंका वाजत होता, पण हा प्रश्न कुणाला पडल्याचं मी ऐकलं नव्हतं. एक घोंगडी कापून तिचे तुकडे टपालानं पाठवू, असं मी सुचवलं. घोंगडीला कात्री म्हटल्यावर आई माझ्यावर अशी उखडली की दोन दिवस भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मागावर हातरुमालाएवढे तुकडे विणायला घेतले, चारी बाजूंनी काठ असलेले. "ह्यो दोन दिस उघड्या पायाखाली ठिवा म्हनावं. मानवलं तर कळवा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

पान असं झालं. आई मागाच्या खड्ड्यात, कमरेपासून वर दिसणारी, आणि खाली तिचं नाव. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांचे चौकोन व्हायचे, म्हणून मी कागदावर हातानं लिहून त्याचं चित्र चढवलं आणि शेजारी मोडकंतोडकं इंग्रजी ठेवलं. 'ही घोंगडी टोचते. पहिलं वर्षभर मेंढराचा वास येतो. आधी तुकडा मागवा.' क्लासचे सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, स्वतःच्या मालाची निंदा कुणी करतं का?" मी म्हटलं, आम्ही करतो.

दोन महिने चिटपाखरू फिरकलं नाही. घरात विणलेल्या घोंगड्यांची थप्पी आढ्याकडे सरकू लागली. मी रोज क्लासमध्ये ई-मेल उघडून बघायचे. मग रडू यायचं, आणि रडू येतंय याचाही राग यायचा.

आणि एका रविवारी व्यापारीच गावात हजर. परदेशातल्या त्याच्या एका गिऱ्हाइकानं आमचं पान बघून 'ती खड्ड्यातली बाई' कोण म्हणून विचारलं होतं आणि तिच्याच घोंगड्या मागितल्या होत्या. त्याचा आवाज एकदम मवाळ झाला होता.

"मावशी, सगळा माल उचलतो. चिठ्ठीवर नाव तुमचंच घालतो, हिमालय काढून टाकतो. फक्त पोरीला सांगा, ते टोचतं म्हनून लिवलंय, तेवढं एक काढ."

खरं सांगते, मी हो म्हणायच्या बेतात होते. नाव मिळत होतं, माग वाचत होता. एका शब्दासाठी किती ताणायचं?

आईनं मागावरचे हात थांबवले. "आवं शेठ, ती टोचतीया. मग काय लिवायचं?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, भिजल्यावर लय जड हुती, ते घातलंयस का?"

"नाही."

"मग तेबी घाल."

शेठ चहा तसाच ठेवून उठला. पुढे तुकडे मागणारी थोडी माणसं आली, घोंगडी मागणारी त्याहून थोडी. वर्षभर माग अर्धपोटी चालला, पण चालला. आईनं कुणापुढे हात जोडले नाहीत आणि मीही नाही. शेठ आला त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सांगलीला पोचल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी मी कागद घेतला आणि नवी ओळ लिहिली, 'भिजली की फार जड होते. पिळायला दोन माणसं लागतात.'