गार दगड

१४ नोव्हेंबर २००९, शनिवार. उत्तरेचा बोचरा वारा. ऑलिव्हची तोडणी अर्धी उरली. तिहाना गार दगडावर बसली, मूत्राशय गारठलं. कॅमोमाइलच्या फुलांच्या कोमट पाण्यात बसवायचं.

वहीत एवढं लिहून पेरिनाने टब भरला. मुलगा यूरे जहाजावर नोकरीला, सून तिहाना आठव्या महिन्यात, आणि तिचा झगा पुन्हा ओला.

"शंभरदा सांगितलं, दगडावर बसू नकोस!"

"आई, या बेटावर कुणाला शिंक आली तरी दगडच दोषी!" तिहाना हसली. टबात पाय टाकता टाकता मात्र थबकली. "पण ही लघवी नाही वाटत हो. रोखताच येत नाही. कालपासून."

"कालपासून? आणि तोंडाला कुलूप?"

"तुम्ही तोडणी सोडून बसला असता."

पेरिनाने झगा नाकाशी नेला. वास गोडसर होता. तिने टब पायानेच बाजूला सारला आणि शेजारच्या मारेला हाक मारली, "गाडी काढ गं! शेवटची बोट गाठायचीय!"

पलीकडच्या किनाऱ्यावर, स्प्लिट शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाभोवतीची पाणमोट फुटलीय. आता जंतूंना आत वाट मोकळी. पाण्यात वगैरे बसवलं नाहीत ना?"

"नाही," पेरिना म्हणाली. तिने पिशवीतून जपमाळ काढली.

बाळाची फुप्फुसं कच्ची होती. ती पक्की व्हावीत म्हणून तिहानाला इंजेक्शनं दिली, जंतूंवरचं औषध सुरू केलं. बाळ जितकं आत राहील तितकं बरं, पण आईला ताप चढला तर थांबता येणार नव्हतं.

मंगळवारी ताप चढला.

मुलगी झाली, ओंजळीएवढी. काचेच्या पेटीत, नाकात नळी. रक्तात जंतू शिरलेत का, ते तपासणीतून कळणार होतं. पेरिना व्हरांडाभर येरझारा घालत राहिली. जपमाळ हातात होती, पण प्रार्थना अर्ध्यावरच तुटे.

"आजी, बसा की जरा," परिचारिका म्हणाली. "बाक लाकडी आहे, गारठणार नाही तुम्ही!"

पेरिनाला हसूही आलं नाही. ती उभीच राहिली.

गुरुवारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्त स्वच्छ होतं. नळी काढली होती, पोर स्वतः श्वास घेत होती. "घरी न्यायला मात्र बरेच आठवडे लागतील."

पेरिना तेव्हा कुठे बाकावर टेकली.

घरी आली तर टब तसाच, पाण्यावर फुलांची साय. त्या रात्री तिने वहीत लिहिलं: टबातलं पाणी ऑलिव्हच्या मुळाशी ओतलं. कॅमोमाइलची बरणी धुतली, तीत मीठ भरलं.